कपाळाने लिहिलेली नोटीस

३ तारीख, सोमवार

मी आई. मी सांगते, मुलगा लिहितो. आज एवढंच. घाम फुटला त्याला.

४ तारीख, मंगळवार

डायरी माझी, बोट त्याचं. मला अक्षर येत नाही आणि त्याला आता नीट बोलता येत नाही. म्हणजे बोलतो, पण ते कळतं फक्त मला आणि सूनबाईला. यंत्रवाली म्हणाली, रोज काहीतरी लिहा, सराव होईल. तो म्हणाला, काय लिहू? मी म्हटलं, मी बोलते, तू उतरव. चव्वेचाळीस वर्षं माझं अर्धवट ऐकून पळालास, आता सापडलास.

(एवढ्याला अडीच तास लागले. कंसातलं आईचं नाही, माझं आहे. तिला वाचता येत नाही, म्हणून हिंमत.)

६ तारीख, गुरुवार

कालपासून ही नोंद चालू आहे. कशासाठी चाललंय हे सगळं, ते आज सांगते.

मुलगा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नोटिसा लिहितो. अमक्या भागात पाणी येणार नाही, तमक्या गल्लीत खोदकाम आहे, हे गावाला कळतं ते त्याच्या कागदावरून. आधी जीभ जड झाली, मग पाय, मग हात. उजव्या हाताचं पहिलं बोट तेवढं शहाणं राहिलंय. कचेरीने कळवलंय, २८ तारखेला या, एका तासात एक नोटीस लिहून दाखवा, ऐंशी शब्द, कुणी मदत करायची नाही. जमलं तर घरून काम करा. नाही जमलं तर खुर्ची दुसऱ्याला.

दर तासाला किती शब्द होतात, म्हणून मी त्याला विचारलं. तो म्हणाला, पंचवीस.

मी बोटं मोजली, मग पुन्हा मोजली. हे शेवटचं वाक्य लिहू नको म्हटलं तर लिहिलंच त्याने.

९ तारीख, रविवार

यंत्रवाली पुन्हा येऊन गेली. बाई चांगली आहे, फक्त चहाला नाही म्हणते आणि मग दोन कप पिते. तिने मला यंत्र समजावून सांगितलं. बोटाखाली एक गुळगुळीत पाटी, पोस्टकार्डाएवढी. मधोमध बोट टेकवायचं आणि आठ दिशांपैकी एका दिशेला सरकवायचं. पहिल्या सरकवण्याने अक्षरांचं कुटुंब निवडलं जातं, दुसऱ्याने त्या कुटुंबातलं माणूस. काना, वेलांटी हवी तर तिसरं सरकवणं. शब्द संपला की बोट उचलायचं.

मी म्हटलं, "आणि बोटाने संप केला तर?"

"तर दुसऱ्या कशाने करायचं, आजी. दांडी असते, ती हनुवटीने हलवता येते. कॅमेरा असतो, तो डोकं कुठे वळलं ते बघतो. खुणा त्याच. वर म्हणजे वर, डावीकडे म्हणजे डावीकडे. एकदा शिकलं की अंगाच्या कुठल्याही भागाने लिहा. अगदी डोळ्यांच्या बुबुळांनीसुद्धा."

"डोळ्यांपर्यंत कशाला जायचं? महिन्या-दोन महिन्यांत हात भरून येईल की."

बाई चष्मा पुसायला लागली. बराच वेळ पुसत होती, एवढा काही मळला नव्हता.

यंत्राला लिहिलेलं मोठ्याने वाचताही येतं. आमच्या घरच्या साहेबांनी, म्हणजे मुलाने, तो आवाज बंद ठेवलाय. म्हणतात, लक्ष उडतं.

(डॉक्टर म्हणाले, बोट जेमतेम महिनाभर. हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.)

१२ तारीख, बुधवार

तासाला पस्तीस. आज मी जरा हसले.

दिवसभर त्याच्या बोटाकडे बघते मी, दुसरं काम काय? तरुणपणी सूतगिरणीत होते. यंत्रांच्या आवाजात कान काही कामाचे नसत, आम्ही बायका हातवाऱ्यांवरच बोलायचो. अमकीचा नवरा आलाय, मुकादम येतोय, दोरा तुटला. ती सवय डोळ्यांना अजून आहे. आता याचं बोट वर जाऊन उजवीकडे वळलं की मला वाटतं, हे मघाशीही आलं होतं. अक्षर कुठलं ते नाही माहीत. पण चाल ओळखीची झालीय. त्याच्या कचेरीच्या नावाचा लांबलचक शब्द तर मला पाठ झालाय, अगदी टाके पाठ व्हावेत तसा.

नात म्हणाली, "आजी, तुझी मान हलतेय."

"कुठे?"

"बाबांच्या बोटाबरोबर. बोट वर की तू वर."

खरंच हलत होती. म्हटलं, म्हातारपणी माना हलायच्याच, त्यात काय नवल.

१५ तारीख, शनिवार

आज बोट थांबलं.

सकाळी नऊ वाजता चांगलं होतं. साडेनऊला मी म्हटलं, लिही, आज ऊन छान आहे. बोट पाटीवर आहे, हलत नाही. मी म्हटलं, राजा, चेष्टा पुरे. त्याने माझ्याकडे बघितलं. मग मी त्याचं बोट हातात घेऊन चोळत बसले. दहा वाजता सूनबाईने माझा हात हळूच बाजूला केला. ती टपालाच्या खिडकीवर बसते, दिवसभर लोकांचं ऐकून घेते, तिचा हात नेहमी मऊ. आज नव्हता.

ही नोंद हनुवटीने लिहिली आहे. यंत्रवालीने दुपारी दांडी बसवली. एवढ्यालाच रात्र झाली, सूनबाई म्हणाली बास करा.

१६ तारीख, रविवार

तासाला नऊ शब्द. परीक्षेला बारा दिवस.

१९ तारीख, बुधवार

आज मी चोरी पकडली.

मी सांगितलं, "दांडीमुळे गळ्याला वळ उठलाय." चार शब्द. मोजून चार. मला अक्षर येत नाही, मोजता येतं. चार शब्दांनंतर चार वेळा दांडी मधोमध येऊन थांबायला हवी. ती थांबली आणि पुन्हा निघाली. पाच, सहा, सात. तेराव्याला मी म्हटलं, "साहेब, एवढं कोण बोललं?"

कान लाल झाले त्याचे. लहानपणी साखर खाल्ल्यावर व्हायचे तसे.

"माझं काहीतरी लिहितोस ना मध्ये मध्ये? माझ्याबद्दल?"

"नाही गं." हे त्याने तोंडाने म्हटलं, मला कळलं.

"मग कुणाबद्दल?"

त्याने डोळे पडद्याकडे वळवले.

नात शेजारच्या खोलीत गृहपाठ करत होती. हाक मारायचा अवकाश, खडखडा वाचून दाखवलं असतं. मी तोंड उघडलंही. पण तिच्या बापाने माझ्याकडे असं बघितलं की मी हाक मारली ती "पाणी आण गं" अशी.

हात गेले, पाय गेले, बोलणं आम्हा दोघींपुरतं राहिलं. कुलूप लावून ठेवायला माणसाला एक खण तरी हवा. ठेव बाबा. फक्त त्यात रडत बसू नको, सराव कर.

(आई, तू हाक मारली नाहीस.)

२१ तारीख, शुक्रवार

हनुवटी बाद. मान पुढे करून दांडी ढकलायची म्हणजे गळा सुजतो, गिळायला त्रास होतो. कालपासून पडद्यावर कॅमेरा बसवलाय, सुपारीएवढा. तो चेहरा शोधतो आणि नाक कुठे वळलं ते बघतो. डोकं जरासं वर, जरासं उजवीकडे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस कशाचा तरी विचार करतोय.

मी म्हटलं, हे कपाळाने लिहिणं मला आवडलं. पाच दिवसांपूर्वी नऊवर होता, आज पंधरा. यंत्रवाली म्हणते, अक्षरं नव्याने शिकायची नाहीत ना, म्हणून. डोक्याला तेच ठाऊक आहे जे बोटाला ठाऊक होतं.

बरं वाटलं. मग आठवलं, हवेत ऐंशी.

२४ तारीख, सोमवार

अडतीस. पण तासभर झाला की मान पुढे कलंडते. उशी लावली, पट्टा लावला. पट्ट्याने डोकं वळत नाही, पट्टा काढला की डोकं पडतं.

सूनबाईशी भांडले आज. तिने सूप पातळ केलं होतं, मी म्हटलं, अशाने ताकद कुठून येणार? ती म्हणाली, "आई, त्यांना घट्ट गिळता येत नाही." मी म्हटलं, परवापर्यंत येत होतं. ती म्हणाली, "हो. परवापर्यंत येत होतं." आणि भांडं घासत बसली. घासलेलंच भांडं.

मला या घरात सगळे गप्प बसून समजावतात.

२६ तारीख, बुधवार

साठ. यंत्र आता अर्ध्या शब्दावरून पुढचा शब्द सुचवतं, त्याने तो नुसता मान झुकवून उचलायचा. त्याच त्याच नोटिशीचा सराव. त्या कचेरीचा लांबलचक शब्द दिवसातून पन्नास वेळा येतो. त्याचं डोकं निघालं की माझं पोचलेलं असतं.

मी झोपले नाही नीट. साठ आणि ऐंशी यांच्यामध्ये किती असतात ते मला चांगलं माहीत आहे, तरी मोजत होते.

२७ तारीख, गुरुवार

उद्या. आज सराव बंद, मानेला विश्रांती. ही नोंद एवढीच.

३० तारीख, रविवार

शुक्रवारचं सांगते. हे लिहायला शनिवार-रविवार गेले. थांबत थांबत लिहिलं, पण मी एक शब्द गाळू दिला नाही.

कचेरीत तिसऱ्या मजल्यावर एक खोली दिली होती. टेबल, यंत्र, भिंतीवर घड्याळ, खिडकीशी लोखंडी कपाट. परीक्षा घ्यायला त्याच्या विभागाचे मोठे साहेब, उंच, बारीक, पेन कानावर ठेवणारे. म्हणाले, घरचं एक माणूस आत बसलं तर चालेल, पाणी द्यायला. सूनबाई म्हणाली, आई, तुम्ही बसा, माझ्या छातीत धडधडतंय. जसं काही माझ्या छातीत कापूस भरलाय.

मी त्याच्या मागे, उजव्या खांद्याशी खुर्ची घेतली. साहेबांनी विषय दिला. मोठी जलवाहिनी दुरुस्त करायची, दोन दिवस पाणी बंद. दहा वाजले, सुरू.

पहिली ओळ नीट गेली. दहा मिनिटं झाली असतील. मग तो लांबलचक शब्द आला. त्याने डोकं वर नेलं, आणि माझं वर गेलं. तेवढ्यात त्याची मान पुढे कलंडली. कॅमेऱ्याला चेहरा दिसेना. मग त्याने दुसरा चेहरा शोधला. मागे, उजव्या खांद्याशी, माझा.

मला काय माहीत? मी बापडी आपली सवयीने चालले होते. वर, उजवीकडे, खाली, मधोमध. पडद्यावर अक्षरं पडत गेली, मला वाटलं, तोच लिहितोय. किती छान चाललंय पोराचं!

साहेबांनी कानावरचं पेन काढलं.

"थांबा. याची मान खाली आहे. लिहितंय कोण?"

मी इकडेतिकडे बघितलं. मी डावीकडे, मग वर बघितलं तर पडद्यावर एक अक्षर पडलं. उजवीकडे, मग खाली बघितलं तर दुसरं.

"बाई, तुम्ही लिहिताय?"

"मी? अहो, मला माझं नाव लिहिता येत नाही. अंगठा लावते मी."

"मग हे काय आहे?" त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "पाणीपुरवठा. एकही चूक नाही. आणि आधीच्या शब्दापेक्षा तिप्पट वेगाने."

जन्मात पहिल्यांदा मी काहीतरी लिहिलं आणि तेही चोरी म्हणून पकडलं गेलं. आणि खरं सांगते, एवढ्या भीतीतही तिप्पट ऐकून मला जरा बरं वाटलं. मग त्याच्याकडे बघितलं. तो मान उचलायचा प्रयत्न करत होता आणि मान उचलत नव्हती.

मी उठून त्याचं डोकं सरळ केलं, उशी सारखी केली. साहेब म्हणाले, "हात लावायचा नाही, असं लिहून दिलं होतं."

मी म्हटलं, "उशीला लावला. उशी परीक्षेला बसलीय का?"

त्यांना हसू आलं असावं, पण त्यांनी ते पेनाच्या मागे ठेवलं. म्हणाले, "बाई, तुम्हाला अक्षर येत नाही हे मी कसं मानू? या पडद्यावर प कुठला ते दाखवा."

मी पडद्याकडे बघितलं. सगळीकडे काळे काळे किडे. मी त्यातल्या एका गोंडस किड्यावर बोट ठेवलं.

"तो पूर्णविराम आहे," साहेब म्हणाले.

मग त्यांना समजावून सांगितलं. मी चाल ओळखते, अक्षर नाही. महिनाभर बघितलं, म्हणून मानेला पाठ झालंय. हे सांगताना मलाच ते खोटं वाटत होतं. साहेब ऐकत होते, पण घड्याळाकडेही बघत होते. सव्वादहा. म्हणाले, "नियमाने मी हे इथेच थांबवायला हवं."

तेव्हा पडद्यावर अक्षरं पडायला लागली. सावकाश. माझी मान मी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. साहेबांनी वाचलं.

"आईला बाहेर पाठवा. वेळ वाढवू नका."

लागलं मला. आणि बाहेर जाताना पाय हलके होते, हेही खरं.

व्हरांड्यात बाक होता. सूनबाईला सगळं सांगितलं. तिने कपाळावर हात मारून घेतला, मग माझ्या पाठीवर ठेवला. काचेचं दार, पण धुरकट काच. त्याचं डोकं दिसत होतं, चाल दिसत नव्हती. महिनाभरात पहिल्यांदा तो लिहीत होता आणि मला काही कळत नव्हतं. डोकं एकदा बराच वेळ दिसेनासं झालं. मी उठले. सूनबाईने पदर धरून खाली बसवलं.

"पडली असेल मान."

"उचलतील ते."

"नाही उचलली तर?"

"आई, बसा. तुम्ही उभ्या राहिलात की मला रडू येतं."

साडेदहा. पावणेअकरा. व्हरांड्यातून एक शिपाई तीनदा गेला, तिन्ही वेळा त्याच फायली घेऊन. अकराला पाच कमी असताना मी मनातल्या मनात तो लांबलचक शब्द चालायला लागले, आणि सूनबाई म्हणाली, "आई, मान."

अकरा वाजून चार मिनिटांनी दार उघडलं. साहेबांच्या हातात कागद होता. मी म्हटलं, "वाचून दाखवा. मला कळायला दुसरा मार्ग नाही."

ते म्हणाले, निकाल सांगतो की. मी म्हटलं, आधी वाचा.

तिथेच, व्हरांड्यात उभं राहून त्यांनी वाचलं. माझ्या लक्षात राहिलं ते एवढं. मुख्य जलवाहिनीच्या दुरुस्तीमुळे गुरुवार आणि शुक्रवारी पाणी येणार नाही. शनिवारी सकाळी कमी दाबाने येईल. नागरिकांनी पाणी पुरेसं भरून ठेवावं, ते उकळून प्यावं. वयस्कर आणि आजारी माणसांच्या घरी टँकर दाराशी येईल, त्यासाठी आगाऊ कळवावं. होणाऱ्या गैरसोयीबद्दल पाणीपुरवठा विभाग दिलगीर आहे.

मी इतकी वर्षं त्याच्या नोटिशीनंतर हंडे भरत आलेय. पण ती अशी ऐकली नव्हती कधी.

"टँकरचं विषयात नव्हतं," साहेब म्हणाले. "ते त्यांनी स्वतः घातलं. आता दर वेळी घालावं लागणार."

"चुका किती?"

"एक. लांब शब्द दोनदा आलाय. त्यातला एक तुमचा, तो मी खोडला." त्यांनी कागद सूनबाईकडे दिला. "ब्याऐंशी शब्द, वेळेत. सोमवारपासून घरून काम. सहा महिने. मग पुन्हा बघू."

सूनबाई म्हणाली, "सहा महिने खूप झाले, साहेब."

मी तिला कोपराने ढोसलं. "खूप कसे? सहा महिने काय, चुटकीसरशी जातात. साहेब, वर्षाचं करा."

सूनबाई माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती, दोन्ही एकदम. मी म्हटलं, आनंदाने होतं असं. ती म्हणाली, हो आई. साहेब एकदम कागदपत्रं गोळा करायला लागले.

आत गेले तर त्याची मान खांद्यावर टेकलेली, शर्ट भिजलेला. मी म्हटलं, "आईला बाहेर पाठवा, काय?"

त्याने तोंडाने सांगितलं, "तू फार जोरात लिहितेस."

३१ तारीख, सोमवार

नऊला यंत्र सुरू केलं. नऊ वाजून दहा मिनिटांनी कचेरीतून पहिलं काम आलं. कुठल्या तरी गल्लीत नळ बदलायचे आहेत. मी खुर्ची ओढली आणि म्हटलं, लिही, काल रात्री मला एक आठवलं. तो म्हणाला, "आई, काम आहे." मी म्हटलं, एकच वाक्य. त्याने कॅमेऱ्याकडे बघितलं, मग माझ्या खुर्चीकडे. मी खुर्ची भिंतीपर्यंत मागे नेली.

साडेदहाला गेले तर "काम आहे." अकराला चहा घेऊन गेले तर "तिथे ठेव." बारा वाजता नुसती दारातून डोकावले तर त्याने मान वर केली, मला वाटलं बोलावतोय. लिहीत होता.

ही नोंद जेवणाच्या सुट्टीत घेतलीय, यंत्राला आता माझे शब्दही पाठ झालेत म्हणून भराभर. सूप अर्धवट ठेवून. मी म्हटलं, मी आता मुलाच्या कचेरीत तिष्ठत बसणारी बाई झाले, अर्ज कुठे करायचा ते सांगा. तर म्हणाला, साहेब दोनला नोटीस मागतील, उशीर झाला तर ओरडतील. कधी नव्हे ते कुणी ओरडेल याची त्याला काळजी लागली होती. मी त्याच्याकडे बघतच राहिले.

माझं अजून पुष्कळ सांगायचं आहे. कालचं आठवलेलंही राहिलं. पण एक वाजायला दोन मिनिटं कमी आहेत, आणि तो घड्याळाकडे बघतोय, माझ्याकडे नाही.

बरं. उठते.